नलूअक्कांच्या टिकल्या

त्या टिकल्या मी काढल्या. नलूअक्कांनी नव्हे, त्यांच्याकडे काम करणाऱ्या बाईंनी नव्हे, आणि त्या आपसूक गळूनही पडल्या नव्हत्या. एका दुपारी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस घेऊन, स्वतःवर खूश होत, मी एकेक टिकली नखानं उचकटली आणि मागे उरलेला गोंदही पुसून काढला. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल खोटं बोललो. खोटं लहान होतं, एका वाक्याचं. पण त्या वाक्यानं एका तल्लख बाईचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गेला, आणि तो जाताना मी सात महिने बघत राहिलो.

टिकल्यांवरून एवढं काय, असं कुणालाही वाटेल. म्हणून आधी अक्कांबद्दल सांगायला हवं. त्यांच्याबद्दल सांगताना मला अजूनही अभिमान वाटतो. तो बाळगायचा हक्क मी बराचसा गमावला आहे, हेही माहीत आहे.

मी पुण्याचा. नोकरीसाठी बेंगळुरूला येऊन सतरा वर्षं झाली. मारतहळ्ळीत राहतो, सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. आलो त्याच वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या हौशी नाटकांत शिरलो, पडद्यामागची कामं करायला. पहिल्या तालमीला गेलो तेव्हा हॉलच्या कोपऱ्यात एक पत्र्याची ट्रंक होती. तिचं झाकण काढून त्या जागी राखाडी रंगाचा पत्रा बसवला होता आणि पत्र्यावर साठेक काळे नॉब होते. कुठल्याही नॉबखाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. समोर लोखंडी स्टुलावर सुती साडीतल्या, बारीक अंगाच्या एक बाई, याच नलूअक्का, हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या. मी विचारलं, हे काय आहे? माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "स्वल्प थांब. डबा तापायलाय."

डबा म्हणजे सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारं यंत्र; तो तापायला वीस मिनिटं लागत. आतले भाग गार असले की सूर हळूहळू घसरत राहतो, म्हणून अक्का प्रत्येक तालमीला आणि प्रयोगाला सगळ्यांच्या आधी येऊन बसायच्या. त्या वीस मिनिटांत त्या कुणाशी बोलत नसत. पहिल्या दिवशी मला ते ठाऊक नव्हतं. मी आपला लॅपटॉप उघडून त्यांना उत्साहानं दाखवायला लागलो, की नाटकाला लागणारे सगळे आवाज आता आयते मिळतात, माझ्याकडे नुसत्या वाऱ्याचेच चाळीस प्रकार आहेत. त्यांनी दोन-तीन वारे ऐकून घेतले. मग विचारलं, "ह्यातला एखादा वारा नटासाठी थांबंल का?"

मला प्रश्न कळला नाही. तो कळला प्रयोगाच्या दिवशी. दुसऱ्या अंकात आमचा मुख्य नट रंगमंचाच्या मधोमध वाक्य विसरला. प्रेक्षकांना अजून काही कळलेलं नव्हतं, पण विंगेत आमचे चेहरे उतरले. अक्कांनी तोवर मागे हळू चालू असलेला वारा उचलायला सुरुवात केली. एका हातानं त्या एकच नॉब तिळातिळानं फिरवत होत्या आणि डोळे नटाच्या छातीवर होते. त्याचा श्वास वर गेला की वारा वर, खाली आला की खाली. बघणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या आत काहीतरी उसळतंय म्हणून तो गप्प आहे. बरंच थांबून त्याला वाक्य आठवलं, आणि तो तोंड उघडणार तेवढ्यात वारा पडला. त्या शांततेत त्यानं ते साधंसं वाक्य म्हटलं आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. दिग्दर्शकानं नंतर ती जागा तशीच कायम ठेवली. मी लॅपटॉप पुन्हा तालमीला नेला नाही.

अक्का निपाणीच्या अलीकडच्या एका गावच्या. वडील तिथल्या साखर कारखान्यात बॉयलरवर होते. अक्कांनी डिप्लोमा केला, इथं एका सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात तपासणी विभागात लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. नोकरीभर तपासणी यंत्राच्या पडद्यावरच्या हिरव्या रेषा बघायच्या आणि त्यातली वाकडी रेष शोधून काढायची, हे त्यांचं काम. "मला लाटा दिसायच्या, पण ऐकायला येत न्हवत्या," असं त्या सांगायच्या. त्या ऐकाव्यात म्हणून त्यांनी इथल्या, बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून एकेक भाग आणून हा डबा बांधला. गावाहून येताना आणलेली ट्रंकच त्यासाठी वापरली. त्याच कारखान्यातले मूर्ती त्यांचे यजमान. घरची भाषा कन्नड, पण अक्कांमुळे मराठी शिकलेले. इंदिरानगरात मोठ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला त्यांचं जुनं बैठं घर आहे. आजूबाजूला सगळीकडे हॉटेलं आणि पब झाले तरी ते दोघं हलले नाहीत. संध्याकाळी भिंतीपलीकडून धपधप सुरू झाली की अक्का मान हलवून म्हणायच्या, "ह्यांनी चाळण लईच बंद केली बघ. नुसता खालचा गाळ ऐकवायलेत."

चाळण म्हणजे फिल्टर. तो काय करतो ते मी एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात विचारलं होतं. त्या चपात्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "ऊ म्हण." मी म्हटलं. "म्हणत राहा, आणि तोंड सावकाश उघडत आ कर." मी एका श्वासात ऊ पासून आ पर्यंत गेलो. मूर्ती बाहेरच्या खोलीतून डोकावून गेले.

"सूर बदलला का तुझा?"

"नाही."

"गळा बदलला का?"

"नाही."

"तोंड बदललं. डब्यात ऑसिलेटर म्हणजे गळा आणि फिल्टर म्हणजे तोंड. झालं की. अजून काय पाहिजे?"

मग पोळपाटावरच्या पिठात बोटानं त्यांनी लाटा काढून दाखवल्या. कुठलाही एक सूर आपण एकच समजतो, पण त्याच्या पोटात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाचे सूर दडलेले असतात. कुणाच्या पोटात काय आणि किती, यावर आवाजाची जात ठरते. करवतीच्या दातांसारखी लाट सगळ्यांत श्रीमंत: तिच्यात सगळे पट असतात, वर जावं तसे बारीक होत गेलेले. चौकोनी लाटेत नुसते विषम, तिप्पट, पाचपट, सातपट, म्हणून तिचा आवाज पोकळ, नळीत तोंड घालून बोलल्यासारखा. त्रिकोणी लाटेतही विषमच, पण इतके अशक्त की बासरीच्या जवळ जाणारी. आणि एक साधी वळणदार लाट, जिच्या पोटात तिच्याशिवाय दुसरं काहीच नाही. तिला अक्का "आजाऱ्याची पेज" म्हणायच्या. आपण भरल्या पोटाची लाट घ्यायची, आणि नको ते चाळणीनं अडवत हवा तो आवाज उरू द्यायचा. एवढं सांगून त्यांनी पिठातल्या लाटा हातानं मोडल्या आणि त्याच पिठावर पुढची चपाती लाटली.

बाहेर पडलं तरी हा वर्ग सुरूच असायचा. रिक्षाचा हॉर्न चौकोनी. शेजारचा मिक्सर करवती, पण दात तुटलेला. मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण म्हणजे पेज. माझ्याबद्दल एकदा चारचौघांत म्हणाल्या, "प्रसाद, तुझा आवाज त्रिकोणी हाय. भांडणात कुणाला ऐकू जायचा न्हाई." सगळे हसले, मीही हसलो.

नॉबखाली नावं का लिहिली नाहीत, असं नवीन आलेला प्रत्येक जण विचारायचा. अक्कांचं उत्तर ठरलेलं: नाव लिहिलं की माणूस वाचत बसतो, ऐकत नाही. एकदा माझ्या ओळखीनं एका कंपनीतली दोन मुलं डबा बघायला आली होती. त्यांना त्याची नक्कल सॉफ्टवेअरमध्ये करायची होती. त्यातल्या एकानं हिंदीत विचारलं, मॅडम, याला मेमरी किती? म्हणजे एकदा जमवलेला आवाज साठवून ठेवायची सोय. अक्का मराठीतच म्हणाल्या, "ह्याला न्हाई. मला हाय." मी भाषांतर केलं. ते वाक्य मी मंडळात इतक्यांना ऐकवलं, की दंतकथाच झाली. पंधरा-वीस नाटकांतले सगळे आवाज, प्रत्येकाला साठ नॉबांच्या जागा, आणि ते सगळं अक्कांच्या डोक्यात. अक्कांनी हे कधी खोडून काढलं नाही. तेवढी हौस त्यांना होती.

पण त्यांचा खरा मानाचा आवाज म्हणजे भोंगा.

एका नाटकात कारखान्याचा भोंगा हवा होता. दिग्दर्शकाला कुठलाही चालला असता. अक्कांना वडिलांच्याच कारखान्याचा करायचा होता. कारखाना कधीच बंद पडला होता, वडील गेलेले, आणि भोंग्याचं ध्वनिमुद्रण कुणी कशाला करून ठेवील? अक्का तीन महिने त्याच्यामागे होत्या. भोंगा म्हणजे एका टोकाला बंद असलेली नळी, म्हणून त्यांनी चौकोनी लाट घेतली. तिच्या शेजारी दुसरी, सुरात किंचित उतरलेली, म्हणजे दोन्ही एकमेकींना घासून आवाजाला हेलकावे येतात. वर वाफेचा फुसकारा. वाफ भरत जाते तसा सूर खालून चढतो, तो चढ. एवढं होऊनही त्या समाधानी नव्हत्या. एका तालमीत मधेच उठल्या, "पाणी राहिलं की," म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या. थंडीच्या दिवसांत वाफेच्या नळीत पाणी साठतं. वडील साखळी आधी अर्धीच ओढायचे, म्हणजे पहिल्यांदा ते पाणी घर्र करत बाहेर पडायचं, मग भोंगा. ते घर्र अक्कांनी आणलं, तेव्हा कुठे हात मांडीवर ठेवले.

प्रयोगाला भोंगा वाजला. मी विंगेतून प्रेक्षकांकडे बघत होतो. सीमाभागातून येऊन इथं स्थायिक झालेली जुनी मंडळी पुढच्या रांगांत बसली होती. त्यातल्या पाच-सहा जणांनी एकाच वेळी हात उचलून मनगटावरचं घड्याळ पाहिलं. आपण काय केलं ते त्यांच्या लक्षातही आलं नसावं. मी अक्कांना खूण केली, तिकडे बघा. त्यांनी पाहिलं. पुढचा सगळा अंक त्यांची मान ताठ होती.

आता टिकल्यांचं.

डब्याच्या पत्र्यावर सगळीकडे टिकल्या चिकटलेल्या होत्या. मरून, हिरव्या, काळ्या, काही रंग उडालेल्या, काहींच्या कडेनं गोंद बाहेर येऊन त्यावर धूळ बसलेली. माझ्या आईच्या कपाटाच्या आरशावर अशाच होत्या, बायकोच्या न्हाणीघरातल्या आरशावर आहेत. झोपताना किंवा तोंड धुताना कपाळावरची टिकली काढायची आणि समोर जे असेल त्याला लावून ठेवायची, हे मराठी घरात जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. अक्कांना मी स्वतः तालमीत कपाळावरची टिकली काढून पत्र्याला लावताना पाहिलं होतं. मी तिच्याबद्दल दुसरा काही विचारच केला नाही. त्यांच्या स्टुलावर त्या कुणाला बसू देत नसत, त्यामुळे पत्रा समोरून नीट पाहायची वेळही आली नव्हती.

गेल्या वर्षी मंडळानं अक्कांचा सत्कार ठरवला. मंचाची जबाबदारी माझी. सत्काराआधी डब्याचे फोटो काढायचे होते. आदल्या दिवशी दुपारी मी गाडी घेऊन गेलो, अक्का बाजारात गेल्या होत्या. चादरीत गुंडाळलेला डबा मूर्तींनी आणि मी मिळून गाडीत ठेवला. हॉलवर चादर काढली आणि मला वाटलं, उद्या एवढ्या लोकांसमोर हा पत्रा असा मळका दिसायला नको. नॉबना हात न लावता मी टिकल्या काढल्या. शंभरावर असतील. पत्रा आरशासारखा दिसायला लागला. मी घरी बायकोला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी अक्का नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आल्या. पत्र्यासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ बसल्याच नाहीत. मग एका नॉबच्या कडेला, जिथं काही नव्हतं तिथं, बोट टेकवलं. दुसऱ्या नॉबच्या कडेला टेकवलं. त्या बोटाकडे बघताना मला एकदम समजलं. प्रत्येक नाटकाचा एक रंग. अवघड आवाजांसाठी कुठला नॉब कुठवर फिरवायचा, त्याची खूण म्हणजे टिकली. इतक्या वर्षांचे आवाज त्या पत्र्यावर होते आणि मी ते कापसानं पुसून कचऱ्यात टाकले होते.

"प्रसाद," त्यांनी विचारलं, "इथलं कुणी पुसलं का?"

शेजारी फोटो काढणारा उभा होता, मंडळाचे दोन पदाधिकारी होते. मी म्हणालो, "चादर काढली तेव्हा असाच होता, अक्का."

मला अजून वाटतं, त्यांनी एकदा विचारलं होतं, दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण त्यांना माझ्यावर शंका घ्यायची सवयच नव्हती. सत्कारासाठी म्हणून पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी घरी डबा उघडून धूळ झटकली होती, तेलपाणी केलं होतं. त्या स्वतःशीच म्हणाल्या, "मग मीच काढल्या असणार. आठवंना झालंय."

सत्कारात त्यांनी वारा केला आणि तो अप्रतिम झाला, कारण वाऱ्याला खुणा लागत नव्हत्या. भोंगा मात्र त्यांनी दोनदा जमवायचा प्रयत्न केला आणि आज नको म्हणून सोडून दिला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. शालीखाली अक्कांचे हात एकमेकांत घट्ट धरलेले होते, ते मंचावरच्या माझ्यासारख्यालाच दिसत होते.

त्यानंतरच्या नाटकाला त्यांनी नकार कळवला. मुलांना लॅपटॉपवर करू दे म्हणाल्या. मी भेटायला गेलो तर बोलत होत्या, हसत होत्या, पण गॅसजवळ एक कागद चिकटवला होता: गॅस बंद केला का. दाराच्या आत दुसरा, किल्ली घेतली का. मधेच बोलणं थांबवून मला विचारत, हे मी मघाशी सांगितलं का तुला? सांगितलेलं नसायचं. मी नाही म्हटलं की त्यांचा विश्वास बसत नसे.

एक दिवस मूर्ती मला सोडायला फाटकापर्यंत आले. म्हणाले, डॉक्टरकडे नेलं होतं, दोन-दोन तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणतात काही नाही, वयाच्या मानानं उत्तम आहे. "पण नलू ऐकतच नाही रे. म्हणते, डॉक्टरला काय समजतंय. शंभर टिकल्या माझ्या हातानं काढली आणि मला आठवत नाही, मग मी बरी कशी?" त्यांचे डोळे भरले होते. "डबा बघत पण नाही आता. खोलीचं दार बंद करून ठेवली."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. फाटक हातात होतं, दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, काळजी घ्या, आणि गाडीत बसलो. मारतहळ्ळीच्या पुलावर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. त्या रांगेत मी कबुलीची वाक्यं जुळवत बसलो, आणि घर येईपर्यंत ती सगळी स्वतःच्या बाजूनं झाली होती: मला माहीत नव्हतं, त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनी तर बरं म्हटलंय. असे दिवस गेले. एकदा फोन लावला आणि दिवाळीच्या शुभेच्छा देऊन ठेवला.

मग एका रविवारी सकाळी अक्कांचाच फोन आला. गाडी घेऊन ये.

मी गेलो तेव्हा डबा बाहेरच्या खोलीत काढून ठेवला होता, धुतलेल्या चादरीत बांधलेला. शेजारी बिस्किटांचा डबा, त्यात यंत्राच्या दुरुस्तीसाठीचे इवलेसे ट्रान्झिस्टर, तपासून एकसारखे निघालेले, दोन-दोनच्या जोड्या लावून दोऱ्यानं बांधलेले. अक्कांनी बसायला सांगितलं आणि सरळच सांगितलं, "हे तू घेऊन जा. माझ्याच्यानं आता व्हायचं न्हाई. तापवायला लावून इसरले तर घर जाळीन. तुझा कान तयार झालाय. मंडळात दुसऱ्या कुणाला द्यावं असं वाटंना."

मूर्ती कॉफी घेऊन दारात उभे होते. मला ती देणगी घ्यायची नव्हती आणि नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागत होतं. इतक्या महिन्यांत जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

"अक्का, टिकल्या मी काढल्या."

"कुठल्या?"

"डब्यावरच्या. सत्काराच्या आदल्या दिवशी, हॉलवर. सगळ्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे, मग मूर्तींकडे. "अहो, ऐकला का?" त्या म्हणाल्या. "ह्यानं काढल्या. मी न्हवं."

"नानु हेळिद्दे," मूर्ती म्हणाले. म्हणजे, मी सांगितलं होतं तुला. त्यांनी कॉफीचे पेले खाली ठेवले.

अक्का हसायला लागल्या. हसणं थांबेना, डोळ्यांना पदर लावून त्या हसत राहिल्या, आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. आतून कागद फाटल्याचा आवाज आला. मला, लाज वाटते सांगायला, सुटल्यासारखं वाटलं. त्या परत आल्या तेव्हा मी भराभर सांगायला लागलो, आरशाचं, आईचं, बायकोचं, पत्रा मळका दिसत होता त्याचं.

"थांब," अक्का म्हणाल्या. आता हसू नव्हतं. "आरशाचं राहू दे. त्या खुणा हायत हे मी कुणालाच सांगितलं न्हवतं. सगळं डोक्यात हाय म्हणून मिरवायचं होतं मला. ते माझं. पण मी तुला विचारलं तवा तू काय म्हणालास?"

"असाच होता म्हणालो."

"आणि ह्यांनी फाटकात दवाखान्याचं सांगितलं तवा?"

"काही बोललो नाही."

"सात महिने प्रसाद, मी ह्या माणसाला रोज सकाळी विचारले, काल मी काय काय बोलले ते सांगा. आणि ते रोज सांगत बसले."

अक्कांनी पुढे येऊन डब्याची गाठ सोडली, चादर काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली. ट्रान्झिस्टरचा डबा माझ्या पुढ्यातून उचलून आपल्या बाजूला घेतला. "हे तुला मिळायचं न्हाई आता," म्हणाल्या. "लावते परत एकेक. पहिल्यांदा काय कुणी खुणा करून दिल्या होत्या? कानानंच लावलं होतं की." डबा ढकलायला मी हात पुढे केला, तो त्यांनी लावू दिला नाही. मूर्ती आणि त्या दोघांनीच तो भिंतीपाशी नेला. अक्कांनी विजेची पिन खोचली, स्टूल ओढलं आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. पाठ ताठ होती. अशी बरेच महिने पाहिली नव्हती.

कामाच्या मेलमध्ये मी दिवसातून दहादा सॉरी लिहितो. तो शब्द तिथं तोंडातून निघेना.

"अक्का," मी त्यांच्या पाठीला म्हणालो, "तुम्ही काही विसरला नव्हतात. ते मला माहीत होतं, एकट्याला माहीत होतं, आणि तुम्ही घाबरत होतात ते बघत मी गप्प बसलो. चार लोकांत माझी चूक दिसू नये म्हणून मी ती तुमच्यावर ढकलली. मला क्षमा करा."

मग मूर्तींकडे वळलो, आणि सतरा वर्षांत जेवढी कन्नड आली आहे तेवढ्यात, अडखळत, तेच त्यांनाही म्हणालो.